कुत्र्याच्या बाईल डक्ट्स न तोडता कशा शोधायच्या आणि त्यातले फरक कसे नोंदवायचे: डिसेक्शनचा पूर्ण क्रम

बाईल डक्ट्स म्हणजे लिव्हरमधलं पित्त आतड्यापर्यंत नेणाऱ्या नळ्या. कुत्र्याच्या लिव्हरच्या आकृत्या तपासायला घेतल्या की एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. उजवी हेपॅटिक डक्ट (लिव्हरमधून निघणारी नळी), डावी हेपॅटिक डक्ट, दोन्ही मिळून कॉमन हेपॅटिक डक्ट, मग तिला बाजूने सिस्टिक डक्ट येऊन मिळते, असं सगळं नीटनेटकं काढलेलं असतं. पण ते माणसाचं आहे. कुत्र्यात वेगवेगळ्या लोबमधून (लिव्हरच्या भागांतून) निघालेल्या हेपॅटिक डक्ट्स एकेक करून वेगवेगळ्या जागी येतात आणि गॉलब्लॅडरकडून (पित्ताशयाकडून) ड्युओडेनमकडे (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाकडे) जाणाऱ्या मुख्य नळीला मिळतात. गॉलब्लॅडरच्या मानेपासून पहिली हेपॅटिक डक्ट मिळते तिथपर्यंत सिस्टिक डक्ट, आणि तिथून पुढे ड्युओडेनमपर्यंत बाईल डक्ट. बस, इतकंच. वेगळी कॉमन हेपॅटिक डक्ट म्हणून दाखवावी अशी नळी बहुतेक कुत्र्यांत सापडतच नाही.

दुसरी चूक टेबलावर होते. मुलं आधी चरबी ओढतात, मग पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणारी शीर) मोकळी करतात, त्या गडबडीत एकदोन बारीक डक्ट तुटतात आणि मग उरलेल्या मोजून "या कुत्र्यात ३ डक्ट" असं लिहितात. आपल्या हाताने तुटलेली नळी अशी कागदावर फरक म्हणून जाते. म्हणून हा सगळा क्रम सविस्तर लिहितोय. डिग्रीच्या मुलांना, थिसिससाठी नमुने गोळा करणाऱ्यांना आणि गॉलब्लॅडरच्या ऑपरेशनआधी बॉडीवर हात बसवू पाहणाऱ्या नवीन सर्जननाही तो चालेल.

एक नियम शेवटपर्यंत डोक्यात ठेवा: ज्या नळीची दोन्ही टोकं डोळ्यांनी बघितली नाहीत तिला नाव द्यायचं नाही.

## १. बॉडी कोणती घ्यायची

मध्यम आकाराचं, साधारण १० ते २० किलोचं, सडपातळ कुत्रं सगळ्यात बरं. लठ्ठ कुत्र्याच्या लेसर ओमेंटममध्ये (जठर आणि लिव्हरला जोडणाऱ्या पातळ पडद्यात) इतकी चरबी असते की डक्ट दिसायच्या आधीच निम्मा दिवस जातो, आणि फार छोट्या जातीत नळ्या इतक्या बारीक असतात की पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

बॉडी जितकी ताजी तितकं काम चांगलं. मेल्यानंतर गॉलब्लॅडरची भिंत लवकर मऊ पडते, पित्त झिरपून शेजारचं सगळं हिरवट-पिवळं होतं आणि मग रंग भरताना नळी फुटते. लगेच जमणार नसेल तर ४ अंशाच्या आसपास फ्रीजमध्ये ठेवा, डीप फ्रीजरमध्ये नको. गोठवून वितळवलेल्या लिव्हरमध्ये रंग भरायला गेलात की तो भिंतीतून सगळीकडे पाझरतो आणि नमुना वाया जातो. आधीच फॉर्मलीनमध्ये मुरलेली बॉडी असेल तर नुसतं डिसेक्शन छान होतं, कारण नळ्या कडक आणि पांढरट होतात, पण आत रंग नीट जात नाही, पित्त आतच घट्ट झालेलं असतं. माझं मत विचाराल तर ताज्या बॉडीत रंग भरायचा, मग फिक्स करायचं आणि मग डिसेक्शन. वेळ जास्त जातो पण उत्तर खरं मिळतं.

कुत्रं कशाने गेलं हे लिहून घ्या. कावीळ होती का, पित्त अडलं होतं का, लिव्हरमध्ये गाठ होती का, पोटाचं ऑपरेशन झालं होतं का. अडथळ्यामुळे फुगलेल्या नळ्या हा आजार आहे, शरीररचनेतला फरक नाही, अशी बॉडी शिकायला वापरा पण मोजणीत धरू नका.

सावधान: रस्त्यावर सापडलेलं, मृत्यूचं कारण माहीत नसलेलं किंवा मरण्याआधी विचित्र वागत असलेलं, लाळ गळत असलेलं कुत्रं ताजं उघडायचं नाही, विषय संपला. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही. डिसेक्शन हॉलमध्ये नियमित काम करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची आधीची प्रतिबंधक लस घेतलेली असावी. लेप्टोस्पायराही (लघवीतून पसरणारा जंतू) विसरू नका, किडनी आणि लघवीला उघडा हात लावायचा नाही. डबल ग्लोव्हज, एप्रन, चष्मा, हे सगळं घातल्याशिवाय टेबलाजवळ यायचंच नाही.

परवानगीचा भाग पटकन सांगतो. मालकाची लेखी संमती, विभागप्रमुखांची परवानगी, आणि काम थिसिसचं असेल तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीला आधी कळवणं. नमुने हातात आल्यावर कागद गोळा करायला निघालात की फार त्रास होतो.

## २. सामान आधी मांडून ठेवा

बारीक टोकाची कात्री, दात नसलेले बारीक फोरसेप दोन, मॉस्किटो फोरसेप चारपाच, बोथट प्रोब, स्काल्पेल (याचं पातं कमी लागेल, मागचा दांडा जास्त), रेशमी धागा, ५ आणि १० मिलीच्या सिरिंज, नॉर्मल सलाईन, मोजायला व्हर्निअर किंवा निदान मिलिमीटरची पट्टी, भिंग, आणि चांगल्या उजेडाचा दिवा. सलाईन लावतात त्याच आयव्ही कॅन्युला चालतात, गॉलब्लॅडरसाठी हिरवी १८ नंबरची, बारीक नळीसाठी निळी २२ किंवा पिवळी २४.

रंगासाठी लेटेक्स सगळ्यात चांगलं, त्यात हिरवा किंवा पिवळा पिगमेंट मिसळून बारीक कापडातून गाळून घ्या, नाहीतर एक गुठळी कॅन्युलात अडकली की सगळं थांबतं. लेटेक्स आम्ल लागलं की घट्ट होतं, त्यामुळे पातळ अॅसिटिक अॅसिडमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा जवळ ठेवायचा, कुठे गळती झाली की तिथे दाबून धरायचा. लेटेक्स नसेल तर रंग घातलेलं कोमट जिलेटिन वापरता येतं, पण मग बॉडी थंडगार असून चालत नाही, जिलेटिन अर्ध्या वाटेतच गोठतं. मिथिलीन ब्लू घातलेलं सलाईन फक्त नळी मोकळी आहे का एवढं बघायला ठीक. एक थेंब बाहेर सांडला तरी शिरा, नसा, चरबी सगळं निळं होतं आणि पुढे काहीच ओळखू येत नाही, म्हणून मी ते टाळायलाच सांगतो.

वेगवेगळ्या रंगाचे धाग्याचे तुकडे आणि नंबर घातलेल्या चिठ्ठ्याही आधीच तयार ठेवा. "नंतर लेबल लावू" म्हणणाऱ्याचं लेबल कधी लागत नाही.

## ३. पोट उघडणं

कुत्र्याला पाठीवर झोपवा. झिफॉइडपासून (छातीच्या हाडाच्या टोकापासून) प्युबिसपर्यंत (ओटीपोटाच्या हाडापर्यंत) मधोमध चीर, मग दोन्ही बाजूंनी फासळ्यांच्या कडेने कापत जा म्हणजे वरचा भाग पूर्ण उघडेल. फॅल्सिफॉर्म लिगामेंटमधली (लिव्हरला पोटाच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्यातली) चरबी समोरच येते, ती कापून काढा, ओढून नाही.

लिव्हर दिसलं रे दिसलं की मुलं ते दोन्ही हातांनी मागे ओढतात. असं करू नका. उजव्या बाजूला लिव्हर डायफ्रॅमला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) आणि व्हेना केव्हाला (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला) घट्ट धरलेलं असतं, ओढलं की राइट लॅटरल लोबच्या बुडाशी फाटतं, आणि नेमकी तिथूनच एक महत्त्वाची डक्ट निघते. डायफ्रॅम आत्ता लिव्हरपासून सोडवायचाच नाही, तो तुकडा लिव्हरबरोबरच राहू द्या.

आता थांबून बघा: तुम्ही शेपटीच्या बाजूला उभे आहात आणि कुत्रं पाठीवर आहे, म्हणजे कुत्र्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला आहे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि तरी अर्ध्या वहीत डावं-उजवं उलटं असतं. बॉडीच्या दोन्ही बाजूंना "उजवी" आणि "डावी" अशी चिठ्ठीच लावून टाका.

## ४. डक्टच्या आधी लोब

डक्टचं नाव ती कुठल्या लोबमधून येते त्यावरून ठरतं, त्यामुळे लोब चुकला की पुढचं सगळं चुकलं. सुरुवात गॉलब्लॅडरपासून करा. तो क्वाड्रेट आणि राइट मीडियल लोबच्या मधल्या खाचेत बसलेला असतो आणि कुत्र्यात तो डायफ्रॅमच्या बाजूनेही दिसतो. त्याच्या डावीकडचा क्वाड्रेट, उजवीकडचा राइट मीडियल. क्वाड्रेटच्या पलीकडे लेफ्ट मीडियल, त्याच्या पलीकडे सगळ्यात मोठा लेफ्ट लॅटरल. राइट मीडियलच्या मागे राइट लॅटरल. उरला कॉडेट, त्याचे दोन भाग: उजव्या किडनीला टेकलेला कॉडेट प्रोसेस आणि जठराच्या मागे लेसर ओमेंटममध्ये लपलेला पॅपिलरी प्रोसेस.

हा पॅपिलरी प्रोसेस बऱ्याच जणांच्या यादीत नसतोच. त्याची नळी बारीक असते, मधूनच येते, आणि शोधली नाही तर सापडत नाही. प्रत्येक लोबवर चिठ्ठी टाचून फोटो काढा, पट्टी फोटोत दिसली पाहिजे.

गॉलब्लॅडर किती भरलेला आहे तेही लिहा. उपाशी कुत्र्यात तो टम्म असतो, नुकतंच खाल्लेलं असेल तर आकसलेला. मध्यम कुत्र्यात त्यात साधारण १५ मिली मावतं, लांबी ५ सेंटिमीटरच्या आसपास. हा आकडा पुढे रंग भरताना लागणार आहे.

## ५. ड्युओडेनमकडून शोध सुरू करा

हा टप्पा जास्तीत जास्त लोक उलटा करतात. गॉलब्लॅडर समोर दिसतो म्हणून तिथून खाली यायला लागतात, आणि वाटेत कुठली नळी मुख्य, कुठली बाजूची हेच कळेनासं होतं. खालचं टोक एकच आणि पक्कं असतं, ड्युओडेनममध्ये उघडणारं. तिथून वर जायचं.

उजव्या बाजूचं ड्युओडेनम उचलून डावीकडे वळवा. कॉडेट प्रोसेसच्या खालून डाव्या हाताचं बोट एपिप्लोइक फोरामेनमध्ये (तिथल्या फटीत) घाला, वर व्हेना केव्हा, खाली पोर्टल व्हेन. आता बोट आणि अंगठा यांच्यामध्ये जी घडी आली तिच्यात पोर्टल व्हेन, हेपॅटिक आर्टरी आणि बाईल डक्ट तिन्ही आहेत. तुम्हाला शोधायचंय ते सगळं या घडीत आणि तिच्या वरच्या टोकाला आहे. (कुत्रं पाठीवर असल्यामुळे इथे शिरांचं "वर-खाली" म्हणताना मी उभ्या कुत्र्याचा विचार करतोय; नळीबद्दल बोलताना मात्र वर म्हणजे लिव्हरकडे आणि खाली म्हणजे ड्युओडेनमकडे, हे ध्यानात ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.)

मग ड्युओडेनम मेझेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध बाजूने, पायलोरसपासून (जठराच्या शेवटच्या टोकापासून) साधारण १० सेंटिमीटर लांबीपर्यंत उघडा, आतून सलाईनने हलकेच धुवा. मेजर पॅपिला (आतल्या भिंतीवरचा बारीक उंचवटा) पायलोरसपासून १.५ ते ६ सेंटिमीटरवर कुठेही असू शकतो, म्हणजे हे अंतर हाच पहिला नोंदवायचा फरक. त्यावर बाईल डक्ट उघडते आणि तिच्या अगदी शेजारी, पण वेगळ्या तोंडाने, पॅनक्रियाटिक डक्ट (स्वादुपिंडाची नळी). मांजरात या दोन्ही मिळून एक होतात, कुत्र्यात शेजारी शेजारी राहतात. अजून २-३ सेंटिमीटर पुढे मायनर पॅपिला दिसेल, तिथे अॅक्सेसरी पॅनक्रियाटिक डक्ट उघडते, आणि नाव अॅक्सेसरी असलं तरी कुत्र्यात पॅनक्रियाजची मोठी नळी सहसा तीच असते. काही कुत्र्यांत पहिली पॅनक्रियाटिक डक्ट नसतेच.

तपासणी: गॉलब्लॅडर दोन बोटांनी हळू दाबा. ज्या छिद्रातून पित्त आलं तीच बाईल डक्ट. छिद्रात प्रोब गेला म्हणून ती बाईल डक्ट झाली असं नाही, प्रोब पॅनक्रियाटिक डक्टमध्येही छान जातो.

सावधान: बाईल डक्टचा शेवटचा १.५ ते २ सेंटिमीटर भाग ड्युओडेनमच्या भिंतीतून तिरका जातो. प्रोब अडला म्हणून जोर केला की भिंतीत खोटा रस्ता तयार होतो. अडला तर बाहेर काढा, दिशा बदला, आणि तरी गेला नाही तर सोडून द्या, रंग भरल्यावर कळेलच.

## ६. रंग भरणं

गॉलब्लॅडरच्या गोल टोकाला, मानेपासून शक्य तितकं लांब, धाग्याचा गोल टाका घाला, मधून कॅन्युला आत सरकवा आणि टाका आवळा. आतलं पित्त सिरिंजने काढून घ्या. मग ५-५ मिली सलाईन हळूहळू सोडा आणि पॅपिलातून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबा. एका दमात मोठी सिरिंज रिकामी करू नका, १५ मिलीच्या पिशवीत तुम्ही किती ढकलताय याचा विचार करा.

पाणी मोकळं वाहिलं की बाईल डक्टचं खालचं टोक बंद करायचं, म्हणजे रंग ड्युओडेनममध्ये न पळता हेपॅटिक डक्ट्समध्ये उलटा चढेल. गाठ ड्युओडेनमच्या भिंतीला जितकी चिकटून घालता येईल तितकी घाला. राइट लॅटरल लोबची डक्ट पुष्कळदा बाकीच्यांपेक्षा खाली, ड्युओडेनमच्या बाजूला, स्वतंत्र येऊन मिळते. तुमची गाठ तिच्या वर पडली तर तिच्यात रंग जाणार नाही आणि तुम्ही लिहिणार "राइट लॅटरल डक्ट नाही".

हीच भानगड दुसऱ्या टोकाला. काही जण पॅपिलातून रंग वर चढवतात आणि तो गॉलब्लॅडरमध्ये जाऊ नये म्हणून सिस्टिक डक्ट बांधून टाकतात. पण सिस्टिक डक्ट कुठे संपते हे तुम्हाला अजून माहीतच नाही! एखादी हेपॅटिक डक्ट अगदी मानेजवळ मिळत असेल तर तुम्ही नेमकी तिलाच बांधून बसाल, म्हणजे जो फरक शोधायला निघालात तोच झाकून टाकाल. बांधायचंच असेल तर गॉलब्लॅडरच्या पोटावर बांधा, मानेवर कधीच नाही.

लेटेक्स अगदी सावकाश सोडा. लिव्हरच्या कडेला बारीक हिरव्या रेषा दिसायला लागल्या किंवा सिरिंज परत ढकलली जातेय असं जाणवलं की थांबा. जास्त दाबलं की रंग नळ्या फोडून लिव्हरमध्ये पसरतो, मोठे हिरवे डाग पडतात आणि तो लोब गेला. सगळे लोब सारखे भरले नाहीत तरी घाबरू नका, कुठला कमी भरला ते लिहा.

पोर्टल व्हेनमध्ये निळा आणि आर्टरीत लाल भरला तर पुढचं काम खूप सोपं होतं, पण पहिल्या नमुन्यात फक्त डक्ट भरा. तिन्ही एकदम करायला जाऊन तिन्ही अर्धवट राहिलेले नमुने हॉलमध्ये कमी नसतात.

## ७. ब्लॉक काढणं आणि फिक्स करणं

लिव्हर एकटं काढू नका. लिव्हर, डायफ्रॅमचा तुकडा, व्हेना केव्हाचा लिव्हरमधला भाग, पायलोरस, ड्युओडेनमचा पहिला १२-१५ सेंटिमीटर आणि त्याला चिकटलेलं पॅनक्रियाज, हे सगळं एकत्र उचलायचं. पोर्टल व्हेन जितकी खाली कापता येईल तितकी खाली कापा.

बाजारातलं फॉर्मलीन १ भाग आणि पाणी ९ भाग, म्हणजे आपलं नेहमीचं १० टक्के फॉर्मलीन. मोठ्या टबात, भरपूर द्रावणात, लिव्हर तरंगत राहील असं ठेवा, खाली कापूस घाला. छोट्या बादलीत कोंबलं तर लोब एकमेकांवर दाबून तसेच कडक होतात आणि डक्टचे कोन, अंतरं सगळी खोटी येतात. दोनतीन दिवस द्या. डिसेक्शनच्या आदल्या दिवशी काढून वाहत्या पाण्यात धुवा, डोळे आणि नाक वाचवा, आणि खोलीत हवा खेळती असू द्या.

## ८. डक्ट मोकळ्या करणं

पॅपिलापासून वर. बाईल डक्ट मध्यम कुत्र्यात साधारण ५ सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटरच्या आत-बाहेर जाड असते, लेसर ओमेंटमच्या मोकळ्या कडेने जाते, पोर्टल व्हेनच्या पोटाकडच्या बाजूला. वरचं पेरिटोनियम (पातळ आवरण) लसणाचा पापुद्रा काढावा तसं फोरसेपच्या टोकाने अलगद सोलत जा. कात्री बंद करून आत घालायची आणि उघडायची, नळीच्या लांबीच्या दिशेने, आडवी कधीच नाही. बारीक हेपॅटिक डक्ट्स आडव्या येऊन मिळतात, आडवी कात्री फिरली की गेल्याच.

वाटेत पोर्टल व्हेनच्या दोन्ही बाजूंना हेपॅटिक लिम्फ नोड्स लागतील, आर्टरीभोवती नसांचं जाळं लागेल. हे सगळं नीट सोडवून काढायचं, पण काढण्याआधी तो तुकडा खरंच नळी नाही ना ते बघून.

रंग न भरलेल्या नमुन्यात काय काय ओळखायचं ते असं: आर्टरी गोल, पांढरट, बोटाला टणक लागते. व्हेन पातळ भिंतीची, चपटी, आत काळपट रक्त. डक्ट पातळ भिंतीची पण हिरवट-पिवळी झाक असलेली. शंका आली तर अगदी छोटा छेद घेऊन आत बघा, अख्खी कापू नका. गॉलब्लॅडरकडे जाणारी सिस्टिक आर्टरी सहसा हेपॅटिक आर्टरीच्या डाव्या शाखेतून येते आणि ती मानेजवळ एखाद्या बारीक डक्टसारखीच दिसते, तिच्याकडे खास लक्ष ठेवा.

आता थांबून बघा: मुख्य नळी पॅपिलापासून गॉलब्लॅडरच्या मानेपर्यंत सलग मोकळी दिसतेय का? दिसत नसेल तर एकाही बाजूच्या नळीच्या मागे जाऊ नका. आधी हे पूर्ण करा.

## ९. प्रत्येक डक्टचा लोबपर्यंत माग

आता ड्युओडेनमकडून वर जाताना जी पहिली बाजूची नळी मिळेल तिला १ नंबरचा धागा, पुढचीला २, असं करत जा. नाव अजून नाही, फक्त नंबर. मग एकेक नंबर घेऊन लिव्हरच्या आत शिरायचं. स्काल्पेलचा दांडा किंवा बोथट प्रोब घेऊन लिव्हर थोडं थोडं खरवडा, भुगा पाण्याने धुवून काढा. इथे घाई केली तर आधीच्या सगळ्या टप्प्यांची मेहनत फुकट जाते, म्हणून एका बैठकीत सगळे लोब संपवायचा हट्ट धरू नका.

लिव्हरच्या आत डक्ट कधी एकटी जात नाही, तिच्याबरोबर पोर्टल व्हेनची शाखा आणि आर्टरीची शाखा एकाच आवरणात असते. तुम्ही जिच्या मागे लागलात ती एकटीच जातेय आणि व्हेना केव्हाकडे वळतेय, तर ती हेपॅटिक व्हेन आहे, सोडा तिला.

पुस्तकात हेपॅटिक डक्ट्सची संख्या साधारण ३ ते ५ अशी सापडते, पण तो आकडा डोक्यात ठेवून शोधू नका, नाहीतर ४ सापडल्या की हात थांबतो. बऱ्याचदा चित्र असं दिसतं: लेफ्ट लॅटरल आणि लेफ्ट मीडियलची मिळून एक मोठी नळी, तिलाच कधी क्वाड्रेट आणि पॅपिलरी प्रोसेसच्या नळ्या येऊन मिळतात. राइट मीडियलची वेगळी, कधी क्वाड्रेटबरोबर. आणि राइट लॅटरलची, कॉडेट प्रोसेसला बरोबर घेऊन, सगळ्यात खाली. पण क्वाड्रेटची नळी कुणाच्या घरी जाईल याचा भरवसा नाही, ती डावीकडेही जाते, उजवीकडेही, आणि थेट मुख्य नळीलाही मिळते. सगळ्यात जास्त वेळ तिलाच द्या.

प्रत्येक नंबरसाठी एवढं मोजा: ड्युओडेनमच्या भिंतीपासून मिळण्याच्या जागेचं अंतर, नळीची बाहेरची जाडी, कुठल्या बाजूने मिळते, कुठल्या कुठल्या लोबमधून येते, आणि दोन नळ्या आधी एक होऊन मग मिळतात का वेगवेगळ्या. सगळ्यात शेवटी गॉलब्लॅडरच्या मानेपासून पहिल्या हेपॅटिक डक्टपर्यंतचं अंतर घ्या, तीच त्या कुत्र्याची सिस्टिक डक्टची लांबी. पहिली नळी मानेला चिकटून मिळाली तर सिस्टिक डक्ट नावापुरतीच उरते.

याच मापासाठी एवढा आग्रह का, तर सर्जनला तेच लागतं. म्युकोसीलसाठी (गॉलब्लॅडर घट्ट चिकट द्रवाने भरण्याचा आजार) गॉलब्लॅडर काढताना तो मानेच्या पुढे कुठेतरी बांधून कापायचा असतो. तिथेच राइट मीडियल किंवा क्वाड्रेटची डक्ट मिळत असेल आणि तीही गाठीत आली तर त्या लोबचं पित्त अडतं, तुटली तर पित्त पोटात गळतं आणि कुत्रं पेरिटोनायटिसने (पोटाच्या आतल्या आवरणाला सूज येऊन) जाऊ शकतं. राइट मीडियल आणि क्वाड्रेटमधली गाठ (ट्यूमर) काढतानाही हाच प्रश्न येतो.

## १०. खरा फरक की आपली चूक

वेगळं काही सापडलं की आनंद होतोच, पण लिहिण्याआधी त्याच्यावर संशय घ्या.

डक्ट "नाही" असं वाटलं तर त्या लोबच्या पोर्टल शाखेपासून उलटं या. आवरण उघडा, शाखेच्या शेजारी रंग न भरलेली, चपटी पडलेली नळी आहे का बघा. बहुतेक वेळा ती असतेच. तुटलेली असेल तर मुख्य नळीच्या भिंतीवर बारीक छिद्र किंवा खुंट सापडेल, भिंगाखाली पूर्ण भिंत फिरवून बघा.

डक्ट "जास्त" वाटली तर ती आर्टरी किंवा लिम्फची नळी नाही ना हे तपासा. डक्ट थेट गॉलब्लॅडरमध्ये उघडतेय असं वाटलं तर गॉलब्लॅडर आतून उघडून छिद्र दाखवता आलं पाहिजे, बाहेरून चिकटलेली नळी पुरावा होत नाही. दोन गॉलब्लॅडर किंवा गॉलब्लॅडरच नसणं, हे दोन्ही कुत्र्यांत नोंदलं गेलंय, पण फार विरळ. गॉलब्लॅडर दिसला नाही तर आधी तो आकसून लिव्हरच्या आत दडलाय का आणि आधीच्या ऑपरेशनमध्ये काढलाय का हे बघा, मगच जन्मजात नाही असं म्हणा.

आणि तपासूनही ठरवता आलं नाही तर तक्त्यात "ठरवता आलं नाही" असंच लिहा. असं लिहायला लाजू नका आणि रकाना अंदाजाने तर अजिबात भरू नका, पुढचा माणूस तुमच्या तक्त्यावर विसंबून आपला हात चालवणार आहे.

## ११. नोंद, नमुना आणि विल्हेवाट

प्रत्येक कुत्र्याला एक पान. वर जात, लिंग, वजन, अंदाजे वय, मृत्यूचं कारण, ताजी की फिक्स केलेली, रंग कुठून भरला, कुठला लोब नीट भरला नाही. खाली त्याच दिवशी हाताने काढलेली आकृती, छापील आकृतीवर खुणा करून नाही, कारण छापील आकृती तुमच्या डोळ्यांना जे नाही ते दाखवते. मोजमापं दोघांनी वेगवेगळी घ्या आणि दोन्ही लिहा. पाचसहा कुत्र्यांवरून टक्केवारी काढू नका, "६ पैकी २ मध्ये" एवढंच लिहिलं तरी पुरे.

अॅक्रिलिकचं कास्ट (नळ्यांच्या आतला साचा) करायचं असेल तर ते वेगळ्या नमुन्यावर करा. अल्कलीत किंवा आम्लात मांस विरघळून गेलं की नळ्यांचं आतलं जाळं सुंदर दिसतं, पण कुठली नळी कुठल्या लोबची हे सांगायला लोबच उरत नाही. म्हणून विरघळवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो, आणि प्रत्येक लोबच्या बुडाशी खूण.

नमुना जपून ठेवायचा तर फॉर्मलीनच्या बरणीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनाची शाई द्रावणात उतरते. बाकी उरलेले अवयव पिवळ्या पिशवीत, बायोमेडिकल वेस्टच्या नियमाने. वापरलेलं फॉर्मलीन बेसिनमध्ये ओतायचं नाही, ते वेगळ्या बंद कॅनमध्ये केमिकल कचरा म्हणून द्यायचं, आणि कॅनवर तारीख घालायची.